मग कुणाकडून

देवळाली कॅम्प, नाशिक
१२ जून २०२५

आदरणीय शकुमावशी,
संजनाचा सविनय जयभीम.

तुमची आणि घरातल्या सगळ्यांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. कुंदनला जयभीम सांगा. आपली चिमुकली मैत्री धरून उभी राहायला लागली, हे त्याने स्टेटसला ठेवलेल्या फोटोवरून कळलं. फोटोत तिने तुमच्या पदराचं टोक मुठीत धरलंय. आईने तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला आणि मग फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

इकडे आईचे गुडघे तसेच आहेत. दादाचं दुकान चालू आहे. सकाळी कॅम्पातल्या बाजारात जातो, जळालेल्या मोटरी उघडून त्यांची तार नव्याने भरतो आणि संध्याकाळी घरी येतो. विहारात जात नाही, कुणाच्या लग्नाला जात नाही. मी पुण्याहून सुट्टी काढून आलेय, पण जेवायला वाढू का, पंखा लावू का, याच्यापुढे आमचं बोलणं जात नाही.

तुम्ही आमचे फोन घेत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, आणि ऐकताना तुम्ही मध्येच उठून गेलात तर ती अर्धी राहील. कागद निदान तुमच्या घरात पडून राहील. कधीतरी वाचाल.

ललितावहिनी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवायला बसले होते तेव्हा तुम्ही माझा हात धरून विचारलं होतं, "तू याच जंतूचा अभ्यास करती ना? मंग सांग मला, माझ्या लेकीच्या आत काय झालं."  ज्या गोष्टीवर मी पुण्यात परिषदेत उभी राहून बोलते, ती तुमच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. आज सांगते. जमेल तेवढं सोपं करते.

फ्लूचा विषाणू म्हणजे डोळ्याला न दिसणारी गोळी. तिच्या आत बारीक दोऱ्या असतात आणि आपल्यासारखेच आणखी विषाणू कसे तयार करायचे, याची सगळी कृती त्या दोऱ्यांवर असते. दोरी उघडी राहिली तर तिचे तुकडे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ती एका प्रथिनावर गुंडाळलेली असते. त्याचं नाव न्यूक्लिओप्रोटीन. आम्ही लॅबमध्ये नुसतं एनपी म्हणतो. दादाला मोटर भरताना तुम्ही पाहिलंय. तार कशीही कोंबत नाहीत, खाचांमध्ये बसवून तिची वेटोळी घालतात. तसंच काहीसं.

माझं इतक्या वर्षांचं काम या एनपीवर आहे. कारण ते दोरी सांभाळून थांबत नाही. विषाणू घशातल्या पेशीत शिरला तरी त्याचं काम होत नसतं, त्याला पेशीच्या गाभ्यात जावं लागतं. तिथे कुणालाही प्रवेश नसतो. पण एनपीच्या अंगावर एक खूण असते, आणि ती आपल्याच पेशीतल्या वाहकांना ओळखीची वाटते. त्यांना वाटतं हे घरचंच माणूस. ते स्वतः त्याला उचलून आत नेऊन ठेवतात. आत गेल्यावर दोऱ्यांच्या नकला निघू लागतात. नकला काढायलाही एनपी लागतं, आणि निघालेल्या प्रत्येक नकलेला नवं एनपी लागतं, तेही आपलीच पेशी बनवून देते. ती स्वतःचं काम विसरते आणि त्याचंच करत राहते. शेवटी मरते.

बहुतेकांच्या बाबतीत हे घशात, नाकात होतं आणि शरीर त्याला आवरतं. वहिनीच्या बाबतीत ते फुप्फुसात उतरलं. सातवा महिना होता. बाळाने जागा घेतलेली, श्वासाला जागा कमी. आणि पोटातलं बाळ शरीराला परकं वाटू नये म्हणून बाईचं शरीर त्या दिवसांत आपला विरोध थोडा मवाळ करतं. मावशी, त्या मवाळपणानेच मैत्री तिच्या पोटात वाढली. वहिनीचं शरीर कमजोर होतं, तिने खाल्लं नाही, हिंडली फार, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आता जे सांगायला पत्र लिहिलं ते.

हॉस्पिटलच्या आवारात तुम्ही दादाला जे बोललात ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "तू घरात रोग आणला. माझ्या पोरीचा जीव घेतला. आता तिच्या लेकराला हात लावायचा नाय." वहिनीच्या आधी त्याला ताप आला होता, हे खरं. त्याचीही तपासणी झाली आणि दोघांनाही फ्लू आहे असं सांगण्यात आलं, हेही खरं. त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं, मलाही तसंच वाटलं. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या, काचेच्या पेटीतून बाहेर काढलेल्या मैत्रीला तुम्ही सायखेड्याला नेलं, तेव्हा दादा मान खाली घालून उभा होता. त्याने अडवलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं. वहिनीचा फ्लू ए जातीचा होता. दादाचा बी जातीचा. त्याचा नमुना दोन्हींसाठी तपासला होता, ए त्यात नव्हता.

या दोन जाती ओळखतात त्या मुख्यतः याच एनपीवरून. एकीचं एनपी दुसरीच्या उपयोगाचं नसतं. बी जातीचा विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना ए होत नाही. म्हणजे दादाचा ताप वेगळा होता, वहिनीचा वेगळा. एका घरात, एकाच आठवड्यात आले, एवढंच.

मावशी, वहिनीला तो आजार दादाकडून झालेला नाही.

मी हे दादालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. मला वाटलं होतं तो रडेल.

डोहाळजेवणाला तुम्ही आला होतात तेव्हा वहिनी किती खूश होती ते आठवतं. हिरवी साडी तुम्हीच नेसवलीत. तुमचा मुक्काम होता तेवढे दिवस ती तुमच्याजवळच झोपली. त्या दिवसांचं बाकी काही लिहीत नाही.

मैत्रीचा वाढदिवस जवळ आलाय. एकदा दादाला तिला बघू द्या. तो स्वतः विचारणार नाही म्हणून मी विचारते.

तुमचीच,
संजना

---

पुणे
३ जुलै २०२५

आदरणीय शकुमावशी,
सविनय जयभीम.

तुमचं उत्तर मिळालं. पत्ता कुंदनच्या अक्षरात होता, पण आतलं अक्षर तुमचं आहे, ते मी ओळखलं. कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. एकच ओळ आहे.

मग कुणाकडून?

मैत्रीला दात आला, तिला काय पचतं, असं काहीतरी तुम्ही लिहाल असं मला वाटलं होतं. चूक माझीच. इतकं सगळं समजावून सांगितल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारणारच.

मावशी, याचं उत्तर देता येत नाही. वहिनी शाळेत शिकवत होती. पावसाळ्यात वर्गातली निम्मी मुलं नाक ओढत बसलेली असतात. ती रोज शेअर रिक्षाने जायची, दाटीवाटीने. महिन्याच्या तपासणीला गेली की दवाखान्यातल्या बाकावर कितीतरी वेळ बसायची, आणि तिथे ताप आलेलीच माणसं असतात. वर्षावास चालू होता, विहारात ग्रंथवाचनाला ती जात होती. भाजीबाजारात जात होती. डोहाळजेवणालाही सगळी कॉलनी आली होती, प्रत्येकीने तिला जवळ घेतलं. हा विषाणू ताप यायच्या आधीच पसरायला लागतो. ज्याला झालाय त्यालाही कळलेलं नसतं. काहींना तर ताप येतच नाही, नुसतं अंग दुखतं, नाहीतर नुसता

वरची ओळ अर्धी राहिली. मध्येच कुणीतरी बोलावलं म्हणून उठले, आता पुढे काय लिहिणार होते ते आठवत नाही. सोडून द्या.

सांगायचं एवढंच की तो कुणाकडूनही आलेला असू शकतो, आणि ज्याच्याकडून आला त्याचा त्यात काही दोष नसतो. तुम्ही शेतातून घरी येता तेव्हा पायाला माती लागते, ती तुम्ही मुद्दाम आणत नाही. आम्ही ज्याला आजार म्हणतो तो विषाणूच्या बाजूने बघितला तर नुसता प्रवास असतो. एका घशातून दुसऱ्या घशात. मी रोज हेच बघते, आणि तरी वहिनीच्या बाबतीत मला ते असं कोरडं बघता येत नाही. म्हणून तुम्हीही बघावं असं म्हणत नाही.

फ्लूच्या लसीचं मी वहिनीला फोनवर सांगितलं होतं. "डोहाळजेवण होऊन जाऊ दे, मग घेते," म्हणाली. हात दुखला, कणकण आली, तर कार्यक्रमात मजा येणार नाही म्हणून. तिचंही काही चुकलं नाही.

तुम्ही जेवत जा. कुंदन फोनवर म्हणाला की तुम्ही हल्ली दुपारचं टाळता.

दादाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मी वाट बघते.

आणि मावशी, तो प्रश्न पुन्हा विचारू नका. मला खोटं लिहिता येत नाही आणि खरं काय ते मला माहीत नाही.

तुमची,
संजना

---

पुणे
२१ जुलै २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

आईला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं तेल मी कुरिअरने पाठवलंय.

फोनवर सांगितलं तर तू "बरं" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितेय. आणखीही एक कारण आहे, ते पुढे कळेल.

शनिवारी मी सायखेड्याला जाऊन आले. तुला सांगितलं नव्हतं. कुंदनचा फोन आला होता, "आई जेवत नाही, मैत्रीलाही माझ्या बायकोकडे देऊन बसते, तू एकदा ये." पुण्याहून नाशिक आणि तिथून पुढची बस. उतरले तेव्हा दुपार व्हायची होती. नदीला पाणी चांगलं होतं.

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. पाय लांब केलेले आणि पायांवर मैत्री झोपलेली. दादा, तिचं कपाळ अगदी तुझं आहे. मावशींनी मला बस म्हटलं, पाणी द्यायला लावलं. पाय हलवत राहिल्या. मग मैत्रीकडे बघतच म्हणाल्या,

"मला खोकला व्हता."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुला आठवतंय का नाय?"

"आठवतंय."

"मंग लिहिलं का नाय? रिक्षा लिहिली, भाजीबाजार लिहिला. माझा खोकला नाय लिहिला."

"तुमची तपासणी झाली नव्हती, मावशी. तो कसला खोकला होता, मला काय माहीत? कुणालाच माहीत नाही."

"तू शिकलेली हाय. माझ्याशी वाकडं बोलू नको."

दादा, मी खरंच वाकडं बोलत नव्हते. मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. पण डॉक्टरांकडून तुझा फ्लू बी जातीचा होता हे ऐकलं त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर मावशी आल्या होत्या. पदर तोंडाला लावून खोकत वहिनीच्या केसात गजरा माळताना. मी ते चित्र बाजूला सारलं. पत्र लिहिलं ते तुझ्यासाठी लिहिलं, आणि लिहितानाच मला कळत होतं की तुझ्या खांद्यावरून उतरलेलं ओझं कुठे जाऊन पडणार आहे. तरी लिहिलं. तू वर्षभर असा बसून राहिलास ते मला बघवत नव्हतं.

मावशी मग सांगत राहिल्या. मी थांबवलं नाही.

"निघायच्या आदल्या दिशी अंग लय दुखत व्हतं. कणकण व्हती. कुंदन म्हणला, नको जाऊ. म्हणलं, पोरीचं पहिलं डोहाळजेवण, आईच नाय म्हणल्यावर कसं दिसंल. गोळी घेतली, बस धरली. तिकडं आल्यावर बरं वाटाया लागलं. खोकला तेवढा राह्यला. झोपताना मी भिंतीकडं तोंड करायची. तिची झोप मोडंल म्हणून, दुसरं काय मनात नव्हतं. तर ती म्हणायची, आई, इकडं तोंड कर ना, तुझा वास येऊ दे. तिनंच मला फिरवलं. माझ्या तोंडाला तोंड लावून झोपायची, ल्हानपणी झोपायची तशी."

 मैत्री चुळबुळ करायला लागली तशी त्यांनी तिला थोपटलं.

"हॉस्पिटलात डॉक्टर म्हणले, अश्विनला पण हाय. मला वाटलं, सुटले. देवाशपथ सांगते, तसंच वाटलं. माझी लेक आत मरायला लागलेली आणि मला वाटलं सुटले. मंग मी त्याला बोलले. जितकं बोलता येईल तितकं बोलले. त्यानं एकदा जरी उलटं विचारलं असतं ना, मावशी, तुम्हाला पण खोकला व्हता, तर मी तिथंच बसले असते. पण त्यानं वर मान केली नाय. मला वाटलं, त्यालाच वाटतंय त्यानं केलं. मंग मी पण तेच धरून बसले."

मी म्हटलं, "मावशी, तुमचं खरं असेल, नसेल. तुम्ही मुद्दाम काही केलं नाही."

"ते मला पण कळतं गं. कळून काय हुतं?"

दादा, लॅबमध्ये मला कुणी असा प्रश्न विचारत नाही.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्याला तू लिही. माझ्या तोंडातून निघणार नाय. सगळं लिही, खोकला पण लिही. त्याची पोर हाय. न्यायची म्हणला तर मी आडवी येणार नाय. कपडे, बाटल्या, समदं बांधून देईन."

हे म्हणताना त्यांनी मैत्रीला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली.

म्हणून लिहिलंय. त्यांनी सांगितलं तसं सगळं लिहिलं. आता माझं एक ऐक. तुला राग येईल, यायलाच हवा. वर्षभर मुलीचा चेहरा तू कुंदनच्या स्टेटसवर बघितलास. पण जे तुला बोलून झालं, ते तू त्यांना बोलू नकोस. त्या स्वतःला रोज बोलतात, मी बघून आलेय.

काय ठरवतोस ते कळव. तुला वाटेल तेव्हा मी येते.

तुझी,
संजू

---

देवळाली कॅम्प
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय शकुमावशी,
सविनय जयभीम.

हे पत्र दादाने लिहायचं होतं. सकाळपासून तो कागद घेऊन बसला, "आदरणीय मावशी" एवढं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तूच लिही. तुला जमतं." तो समोर बसलाय. मी लिहितेय ते वाचून दाखवणार आहे, मगच पाकीट बंद करणार.

तुम्ही सांगितलं होतं तसं मी त्याला सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून काल मीच आले. दुकानावर गेले. तो एका पंपाची मोटर उघडून बसला होता. मला बघून त्याने हात पुसले, शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसायला सांगितलं. पत्र त्याच्या खिशातच होतं.

"हे मला नवीन नाही," म्हणाला.

मला कळलं नाही. मी विचारलं, "काय नवीन नाही?"

"मावशींना खोकला होता ते. मी घरातच होतो ना, संजू. मला ऐकू येत नव्हतं का?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? त्या तुला एवढं बोलत होत्या."

त्याने शटर पूर्ण खाली ओढलं. मग त्याने जे सांगितलं ते तुम्हाला लिहावं का, यावर आमचं आज सकाळपर्यंत बोलणं चाललं होतं. तो नको म्हणत होता. त्याने वहिनीला शब्द दिला होता. मी म्हटलं, ज्यासाठी शब्द दिला होता ते आता उरलं नाही. मावशींना जे कळू नये म्हणून तू गप्प बसलास, ते त्यांना कळलंय. आता न सांगण्यात त्यांचं काही वाचत नाही. शेवटी तो म्हणाला, "लिही. पण तिचे शब्द बदलू नकोस."

बदलत नाही.

वहिनीला वॉर्डातून अतिदक्षता विभागात हलवायचं ठरलं, त्याच्या आधी थोडा वेळ दादा तिच्याजवळ होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलायला बंदी होती. तिने मास्क बाजूला ओढला आणि पहिलं विचारलं, "आईचा खोकला गेला का?"

दादा म्हणाला, "गेला." त्याला माहीत नव्हतं. तुम्ही तेव्हा सायखेड्याहून निघाला होतात, वाटेत होतात.

ती म्हणाली, "बरं झालं." मग दम घेऊन म्हणाली, "मला हे कुठून झालं असं कुणी विचारलं ना, तर आईचं नाव काढू नका. तिला वाटेल तिच्यामुळे झालं. ती जगायची नाही. तुम्हालाही ताप होता, तुमच्यावर घ्या. तुम्ही सहन कराल."

दादा "हो" म्हणाला. तिने मास्क पुन्हा लावू दिला. त्यानंतर ती बोलली नाही. नळी घातल्यावर बोलता येतच नाही.

तर आवारात तुम्ही त्याला बोलत होतात तेव्हा तो मान खाली घालून उभा होता, ते यासाठी. मी त्याला विचारलं, "तुझा फ्लू बी जातीचा होता हे मी सांगितलं तेव्हा तुला बरं नाही वाटलं?" तर म्हणाला, "वाटलं ना. पण तेवढ्यासाठी मावशींना सांगायला कुठे जाणार होतो? तू परस्पर पत्र टाकलंस."

मावशी, माझ्या पत्राने तुमचं काय झालं ते मी ओसरीवर पाहिलं. ते पत्र लिहिलं याचं मला वाईट वाटतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वहिनीला जे नको होतं तेच झालं. पण दादाने मैत्रीपासून लांब राहावं असंही तिला नको होतं. त्या वेळी एवढा पुढचा विचार करण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.

तो विषाणू तुमच्याकडून गेला की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. नाही गेला असं म्हणून तुमचं समाधान करायला मला आवडलं असतं. पण एवढं मी नक्की सांगते की वहिनीच्या मनात ती शंका आली होती, आणि ती आल्यावर तिला राग आला नाही. तिला तुमची काळजी वाटली. तुमच्या खोकल्याची.

आता मैत्रीचं. दादा म्हणतो, तिला तिथून उचलून आणायचं नाही. तिने जन्मापासून तुमचाच हात ओळखलाय, तो सुटला तर ती रडून आजारी पडेल. कपडे, बाटल्या काही बांधू नका. त्याला आठवड्यातून एक दिवस तिला भेटायला येऊ द्या. तिला त्याची सवय होऊ दे. पुढे शाळेचं वय झालं की बघू, आणि तेव्हाही तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. तुम्हाला इकडे येऊन राहावंसं वाटलं तर वहिनीची खोली आईने रोज झाडून पुसून ठेवलेली आहे.

येत्या रविवारी तो येणार आहे. बरोबर आई असेल. मी नसेन, मला उद्या पुण्याला जावं लागतंय. तो दारात थांबेल. तुम्हाला काय बोलावं ते सुचलं नाही तर काही बोलू नका. त्यालाही सुचणार नाही. नुसती मैत्री त्याच्या हातात द्या.

वर लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. त्याने एक वाक्य काढायला लावलं, ते मी काढलं. बाकी ठेव म्हणाला. मग उठून बाहेर जाऊन उभा राहिला. आई आत ओट्याजवळ आहे, तिलाही ऐकू गेलं असणार. तिने अजून दिवा लावलेला नाही.

मावशी, जेवत जा. हे मी माझं म्हणून सांगत नाही.

तुमच्या लेकीचा निरोप वर्षभर उशिरा पोचवणारी,
संजना